पाठ आणि पाठीवरचं

मराठी भाषेने पाठीवर जितकं लादलं आहे, तितकं दुसऱ्या कुठल्या अवयवावर लादलं नसेल. पाठ थोपटायची, पाठ दाखवायची, पाठ फिरवायची, पाठीत खंजीर खुपसायचा. धाकटं भावंड झालं तर ते पाठचं. त्यात धड्यालाही पाठच म्हणायचं आणि तो तोंडात बसेपर्यंत घोकला की 'पाठ झाला' म्हणून पुन्हा पाठ थोपटायची. आमच्या लहानपणी पावकी-निमकी पाठ असायची. हल्लीच्या मुलांची सगळी विद्या पाठीवर असते. व्याकरणाच्या दृष्टीने एक शब्दयोगी अव्यय वाढलं, एवढंच. मुलाच्या दृष्टीने पाच किलो वाढले.

मी एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली. त्यामुळे 'दप्तर' या शब्दाशी माझा घरोबा जुना आहे, आणि हा शब्द मुळात आमचा, कारकुनांचा आहे, हे मला ठासून सांगायचं आहे. पोरांनी तो आमच्याकडून उचलला. आम्ही फारसीतून उचलला. फारसीच्याही मागे गेलात तर तो ग्रीक भाषेत सापडतो. तिथे 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. कातड्यावर लिहीत, म्हणून लिहिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यालाही तेच नाव पडलं. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला डॉक्टर 'डिफ्थेरिया' म्हणतात, तोही याच शब्दाचा वंशज. म्हणजे दप्तर आणि घटसर्प ही सख्खी भावंडं निघाली. पैकी घटसर्पावर लस निघाली.

पेशव्यांचं दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती लागलं. आजही पुण्याच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधायचं फडकं, आणि त्यावरून त्या गठ्ठ्याचंही नाव तेच. १९२९ पासून पुढची काही वर्षं रियासतकार गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापून काढले. 'निवडक'चे पंचेचाळीस खंड! पण एवढं सगळं असूनही पेशवाईतला एकही कारकून ते पाठीवर बांधून पर्वती चढल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. दप्तर बैलावर जायचं, उंटावर जायचं. कारकून मागून पान चघळत यायचा. आम्हीही तीच परंपरा पाळली. साहेबाच्या दौऱ्याला शिपाई दप्तर धरायचा आणि आम्ही छत्री धरायचो.

मग हे दप्तर पोरांच्या खांद्यावर आलं कधी? पंतोजींच्या शाळेत तर दप्तरच नव्हतं. फळीवर धूळ पसरायची आणि काडीने अक्षरं काढायची. फुंकर मारली की वर्षाचा अभ्यास उडाला. जो राहिला तो डोक्यात. पुढे दगडी पाटी आली. पाटीचा मोठा गुण म्हणजे पहिलीची पाटी आणि चौथीची पाटी यांचं वजन एकच. मूल वाढायचं, ओझं वाढायचं नाही. नंतर जुन्या पायजम्याची, लुगड्याच्या काठाची शिवलेली पिशवी आली, मग खाकी दप्तर, मग ॲल्युमिनियमची पेटी. ही पेटी वर्गात बसायला, पुढच्याच्या पाठीत खुपसायला आणि पावसात डोक्यावर धरायला अशी तिन्ही प्रकारे उपयोगी पडायची. मध्ये काही वर्षं शबनम पिशवीची होती. ती एका खांद्यावर लोंबायची आणि तिच्यात फक्त कविता असायच्या. म्हणून त्या पिढीचे खांदे शाबूत राहिले. मानेचं सांगत नाही. ती आधीपासूनच तिरकी असायची. आता सॅक आली आहे. दोन पट्टे, पाच कप्पे, बाजूला पाण्याच्या बाटलीची जाळी. शिवणारा कप्पे ठेवतो आणि आया कप्पे भरतात. रिकामा कप्पा बघवत नाही, हा आपल्याकडच्या बायकांचा स्वभाव आहे. फडताळ असो की सॅक.

ओझ्याबद्दल बोलण्याचा चिखलीकरांना खास अधिकार आहे, असं मी समजतो. खामगावला आगगाडी १८७० साली आली. आमच्या चिखलीवरून जाणाऱ्या खामगाव-जालना गाडीचं बोलणं इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. मोजणीदार येतात, चहा घेतात, जातात. गाडी काही आलेली नाही. मुलगा बघून गेलेले पाहुणे दरवर्षी नव्याने बघायला यावेत, तसं हे स्थळ आहे. तोपर्यंत आमचं ओझं आम्हीच वाहतो.

त्याही आधी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जायचा. त्या बैलांकडे लक्ष द्या. बैलाच्या पाठीवर गोणी टाकायची ती दोन्ही अंगांना सारखी. एका अंगाला मण अन् दुसऱ्या अंगाला अदमण असा कारभार बंजारा कधी करायचा नाही, कारण बैल त्याचा स्वतःचा असायचा. वारकऱ्याची पडशीही तशीच. खांद्यावर मध्ये पट्टा, एक पोट पुढे, एक पोट मागे. कावडीचंही तेच. आपल्या अडाणी म्हणवणाऱ्या पूर्वजांना ओझ्याचं हे एक तत्त्व पक्कं ठाऊक होतं: जेवढं मागे, तेवढं पुढे.

१९७१ साली दत्ता आणि रामनाथन या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी हे तत्त्व तपासून पाहिलं. माणसाकडून तीस किलोचं ओझं सात तऱ्हांनी वाहून घेतलं: डोक्यावर, पाठीवर, पुढे-मागे दोन्हीकडे, पोत्यासारखं, शेर्पांसारखं कपाळपट्ट्याने, कावडीने आणि हातात धरून. मग कशात किती दम लागतो ते मोजलं. पहिला नंबर पुढे-मागे वाटलेल्या ओझ्याचा, म्हणजे आपल्या पडशीचा. दुसरा डोक्यावरच्या ओझ्याचा. सर्वांत शेवटी नापास झाला तो हातात धरून नेण्याचा प्रकार. याचा अर्थ पंढरीच्या वाटेवरचा वारकरी शास्त्रशुद्ध चालत होता, आणि बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येणारा सेवानिवृत्त कारकून अशास्त्रीय. मी हा निष्कर्ष घरात वाचून दाखवला. मला पिशव्यांऐवजी पडशी मिळाली नाही, पिशव्याच मिळाल्या.

आता मुद्दा असा, की ओझं पाठीवर असलं तरी बिल हाताला येतं. हे मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पाठीचं दुखणं पाठीला, हाताचं हाताला, असा आमच्या कचेरीतल्यासारखा विभागवार कारभार शरीरातही असेल, अशी माझी समजूत होती. पण शरीरात सगळ्या तारा एकाच खांबावरून गेलेल्या असतात. हाताला हलवणाऱ्या आणि बोटांना जाण देणाऱ्या साऱ्या नसा मानेतून निघतात. त्यांचा एक जुडगा होतो, तो गळ्याखालच्या हसळीच्या हाडामागून आणि पहिल्या बरगडीवरून काखेत उतरतो. हाताची रक्तवाहिनीही तिथूनच जाते. आणि सॅकचा पट्टा बसतो तो नेमका याच नाक्यावर. पट्टा जितका अरुंद आणि ओझं जितकं जड, तितका दाब जास्त. मग बोटांना मुंग्या येतात, हात जड वाटतो, पकड सैल होते. नळाच्या पाइपवर कुणी पाय दिला की पाणी अंगणाच्या टोकाला कमी पडतं. पाय दिलेल्या ठिकाणी काही दिसत नाही. तसंच हे.

हे प्रथम ध्यानात आलं ते लष्करातल्या डॉक्टरांच्या. सैनिकाच्या पाठीवर ओझं लादणं ही जगातली जुनी खोड आहे. रोमच्या मारियस नावाच्या सेनापतीने शिपायांवर इतकं सामान लादलं की लोक त्यांना मारियसची खेचरं म्हणू लागले. आपल्या इतिहासात याचे दोन्ही धडे आहेत. शिवाजी महाराजांची फौज सडी, म्हणून आज इथे तर उद्या तिथे. आणि १७६१ साली पानिपतावर लढणाऱ्यांबरोबर बुणगे किती होते, हे आपण सर्वांनी चौथीपासून हळहळत वाचलं आहे. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कित्येक सैनिक गोळीने नव्हे, पाठीवरच्या ओझ्याने पाण्यात गेले. त्यानंतर मार्शल नावाच्या अमेरिकन लष्करी लेखकाने १९५० साली केवळ सैनिकाच्या ओझ्यावर एक पुस्तक लिहिलं.

त्याच महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन डॉक्टरांच्या मासिकात एका सैनिकाची हकीकत आली होती. पाठपिशवीमुळे त्याचा खवाटा पाखराच्या पंखासारखा वर उचलला गेला होता. खवाटा बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या स्नायूची नस दबली, की असं होतं, आणि मग हात खांद्याच्या वर जाईना. १९६९ साली त्याच मासिकात या दुखण्याचं नावच 'रकसॅक पॅरालिसिस' असं छापून आलं. पाठीवरच्या पिशवीने हाताला येणारा लुळेपणा. बहुतेकांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो, आणि शाळकरी मुलांत इतक्या टोकाचं क्वचितच घडतं, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर उद्या एखादी माउली पोराचा खवाटा चाचपत दवाखान्यात जायची. पण लुळेपणाच्या अलीकडे बरीच स्टेशनं आहेत. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी निरोगी मोठ्या माणसांच्या पाठीवर बारा किलोची सॅक दिली आणि थोड्या वेळाने त्यांचे हात तपासले. हाताकडे जाणारं रक्त कमी झालं होतं आणि तर्जनीच्या टोकाची स्पर्शाची जाण बोथट झाली होती. तर्जनी म्हणजे पेन धरायचं बोट.

मी या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. मुलाला आपण शाळेत घालतो ते मुख्यतः त्याने पेन धरावं म्हणून. आणि पेन धरण्यासाठी जी सामग्री त्याच्या पाठीवर देतो, ती वाटेत त्याच बोटाला गाठते.

पुढारी मंडळींना हे कळलं नाही असं नाही. 'मालगुडी'वाले आर. के. नारायण राज्यसभेवर गेले, तेव्हा पहिल्याच भाषणात ते दप्तराच्या ओझ्यावर बोलले. या ओझ्याने मुलं वाकतात आणि चालताना त्यांचे हात चिंपांझीसारखे पुढे लोंबतात, असं त्यांनी सांगितलं. माकडाचा माणूस व्हायला लाखो वर्षं लागली. उलटा प्रवास आपण दहावीपर्यंत उरकतो. पुढे १९९२ साली प्राध्यापक यशपाल यांची समिती नेमली गेली, १९९३ साली तिचा अहवाल आला. ओझं पुस्तकांच्या वजनाचं आहेच, पण न समजणाऱ्या अभ्यासाचं त्याहून मोठं आहे, असं समितीने म्हटलं. अहवाल वाचण्याजोगा आहे. माझ्या व्यवसायबंधूंनी तो व्यवस्थित फडक्यात बांधून ठेवला.

मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला, की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं. आदेश स्वच्छ, सुवाच्य आणि जावक क्रमांकासह होता. पण २०१६ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच विदर्भात, चंद्रपूरला, सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. आठ विषय, सोळा ते वीस पुस्तकं-वह्या, पाच ते सात किलो वजन आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, असा हिशेब त्यांनी पत्रकारांपुढे मांडला, आणि दाद लागली नाही तर उपोषणाचा इशारा दिला. त्या वयात आम्ही कैऱ्या पाडायचो. या मुलांनी ज्या नेमकेपणाने आकडे दिले, ते पाहून एक माजी कारकून म्हणून माझा ऊर भरून आला.

२०२० साली केंद्राचं दप्तर-धोरण आलं. त्यात पहिली-दुसरीला दोन किलो दोनशे ग्रॅमच्या पुढे नाही, सहावी-सातवीला तीन किलोच्या पुढे नाही, बालवाडीला दप्तरच नाही, असं इयत्तावार ठरवून दिलं. मग २०२३ साली आपल्या राज्याने एक नवी युक्ती केली. पाठ्यपुस्तकाचे चार भाग करायचे, सगळ्या विषयांचे पहिले भाग एकत्र शिवायचे, आणि मधे कोरी पानं घालायची, म्हणजे वहीच नको. पोरं पुस्तकही आणू लागली आणि वहीही. कोरी पानं बिचारी कोरीच राहिली. २०२५ च्या जानेवारीत ती योजना गुंडाळली.

या साऱ्याचा निकाल काढायला मला फार लांब जावं लागलं नाही. माझा नातू पाचवीत आहे. त्याचं वजन अठ्ठावीस किलो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर सॅक ठेवली तर पाच किलो शंभर ग्रॅम भरली. सरकारी हिशेबाने दोन किलो आठशेवर थांबायला हवी होती. दुकानदार म्हणाला, "भाऊसाहेब, काय देऊ यात?" मी म्हटलं, "घालायचं नाही, काढायचं आहे."

शेजारी एक म्हातारा हमाल तंबाखू मळत उभा होता. बाजार समितीत सोयाबीनची अन् तुरीची पोती उचलण्यात त्याचा जन्म गेला. त्याने एका हाताने सॅक उचलून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. मला वाटलं, शंभर किलो पेललेला माणूस पाच किलोला हसणार. तो हसला नाही.

"भाऊसाहेब, आमचं पोतं जड हाय, पण चालणं कितीक? गाडीपासून काट्यालोक. पंधरा पावलं. चढवाले एक माणूस, उतरवाले एक माणूस. या लेकराले कोन हाय?"

मी म्हटलं, "पण तुम्ही एवढी वर्षं उचलता, हाताला काही होत नाही?"

त्याने उजवी मूठ मिटून दाखवली. ती पुरी मिटली नाही. "खांदा भरला की बोटं सुन्न पडते. सकाळी चहाचा कप धराले डावा हात लागते. पन मले कोन्ती अक्षरं काढायची हाय?"

आपल्याकडे हमालांसाठी कायदा आहे, १९६९ चा माथाडी कायदा. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही १९६७ साली धडधाकट पुरुषाने एका वेळी पंचावन्न किलोच्या वर उचलू नये, अशी शिफारस केली. हमालांनी हे भांडून मिळवलं, एकजूट करून मिळवलं. पाठीवर ओझं वाहणाऱ्यांना 'पाठाडी' म्हणून त्यांचीही एखादी संघटना व्हायला हरकत नव्हती. पण तिचे सभासद दरवर्षी पास होऊन पुढे जातात. वर्गणी गोळा होईपर्यंत कार्यकारिणीला मिशा फुटतात.

घरी येऊन मी नातवाच्या वह्या काढल्या. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं वाचण्यात गेली, तेव्हा एवढं मला कळतं. पहिल्या तासाच्या वहीत कोंबडीने चिखलातून चालून जावं तसं अक्षर, आणि खाली लाल शाईत शेरा, 'हस्ताक्षर सुधारा.' तिसऱ्या तासाच्या वहीत तोच मुलगा, तेच पेन, आणि अक्षर सरळ रांगेत. एका पोराच्या दोन वह्या म्हणजे काही शास्त्र नव्हे, हे मलाही समजतं. मी त्याला विचारलं, "पहिल्या तासाला काय होतं रे?"

"काही नाही आबा. बोटं झोपलेली असतात."

"कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांचीच झोपतात. हात झटकला की उठतात."

हे तो इतक्या सहज म्हणाला, की मला काही बोलणं सुचेना. सगळ्यांचीच झोपतात, म्हणून कुणीच सांगत नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर सॅक सतरंजीवर उलटी केली आणि सूनबाईंच्या अध्यक्षतेखाली छाननी सुरू झाली. निघालं ते असं: मागच्या इयत्तेची एक वही, व्यवसायमाला तीन, दोन कंपासपेट्या, पाण्याची लिटरची बाटली आणि ती संपली तर म्हणून दुसरी, दिवाळीतली एक भिजकी टिकल्यांची डबी, सहा चिंचोके, आणि फेब्रुवारी महिना असूनही रेनकोट. रेनकोटावर वाद झाला. "अवकाळी आला तर?" असं सूनबाई म्हणाल्या, आणि बुलडाणा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला यावर उत्तर नाही. रेनकोट राहिला. दुसरी बाटली गेली, शाळेत नळ आहे. व्यवसायमालांचं त्या म्हणाल्या, "बाई रोज मागतात." मी म्हटलं, बाईंना मी भेटतो. भेटलो. वर्गशिक्षिका स्वतः खांद्याला दोन पिशव्या लावून उभ्या होत्या, एकीत चाळीस वह्या तपासायला घरी न्यायच्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मधेच हात झटकला. वर्गात मागे एक जुनं कपाट पडून होतं. त्याचं कुलूप हरवलेलं होतं, ते मी आणून दिलं, सही घेऊन. व्यवसायमाला आता तिथे राहतात.

उरलेलं काम नातवाने आपसात मिटवलं. बाकावर शेजारी बसणाऱ्याशी त्याचा करार झाला आहे: गणित आणि इंग्रजी यानं आणायचं, मराठी आणि परिसर त्यानं. भांडण झालं त्या दिवशी दोघंही निम्म्या विषयांत निरक्षर असतात, म्हणून भांडणं कमी झाली आहेत. पट्टे लांब करून सॅक कमरेखाली लोंबवायची पोरांत फॅशन आहे, ती मोडून मी पट्टे आखूड केले आणि जड पुस्तकं पाठीला लागून ठेवायला सांगितली. परवा पुन्हा काट्यावर ठेवली. तीन किलो चारशे. अजून सहाशे ग्रॅम जास्त आहेत, आणि त्यातले पावणेचारशे एकट्या रेनकोटाचे आहेत.